हवेतला बार

कोल्हापुरात चार पैसे हातात आले की माणूस आधी गाडी बदलतो आणि मग जमीन बघायला लागतो. पूर्वी ही जमीन पन्हाळ्याच्या वाटेवर असायची. आता ती आंबा, गगनबावडा, आजरा, थेट पारगडच्या बाजूला सरकली आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, काजूची झाडं, तारेचं कुंपण. पहिला पावसाळा कौतुकात जातो. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी कुंपण लोळवलेलं दिसतं, अंगणात ताटलीएवढे खूर उमटलेले असतात, आणि शेजारचा गडी शांतपणे सांगतो, 'गवं आलतं.' त्यानंतर रंकाळ्यावर भेळ खाताना किंवा लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न हमखास येतो: रानात जाता-येता जवळ काय ठेवावं? बारा बोअर घ्यावी, की रिव्हॉल्व्हर बरं?

विचारणारे बढाईखोर नसतात. बायकापोरांना घेऊन रात्रीच्या वेळी घाटरस्त्यानं जाणारी ही माणसं आहेत. २०२१ च्या डिसेंबरात शहराजवळच्या भुयेवाडीत गव्याच्या हल्ल्यात एक तरुण दगावला, हे त्यांच्या डोक्यात ताजं आहे. तेव्हा प्रश्न थट्टेवारी न्यायचा नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकासारखा तो नीट घेऊ आणि एकेक हत्यार उचलून बघू.

सामान्य नागरिकाला या देशात काय मिळू शकतं, त्याची यादी आखूड आहे. लष्कर-पोलिसांची काडतुसं ज्यात चालतात ती बहुतेक हत्यारं 'निषिद्ध बोअर'मध्ये जातात. थ्री नॉट थ्री आणि नऊ मिलिमीटर त्यातलीच. मुख्यतः उरतं काय? एक, पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल; रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनतं. दोन, पॉइंट ३१५ ची रायफल, इशापूरची. तीन, बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. आणि चार, जिच्याकडे फार्महाऊसवाले ढुंकून बघत नाहीत ती ठासणीची बंदूक. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीनं ती दोनवर आली. परवाना पाच वर्षांचा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांची, आणि २०१६ च्या नियमांपासून हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही जोडावा लागतो.

आता समोर गवा उभा करू. भारदस्त नर हजार किलोपर्यंत भरतो. खांद्यापाशी उंची पावणेसहा फुटांच्या घरात, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत स्नायूंची जाड वरंड, खाली गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. पॉइंट ३२ ची गोळी असते साधारण सहा ग्रॅमची. माणसाला धाक दाखवण्यासाठी हे हत्यार जन्मलं आहे. गव्याच्या खांद्याला ती लागली तर तो फक्त चिडेल. बारा बोअरचं नाव मोठं. या नावातला बाराचा आकडा असा आला: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढ्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर. म्हणजे गोळी सुमारे अडतीस ग्रॅमची आणि नळी साडेअठरा मिलिमीटरची. पण बहुतेक काडतुसांत अशी एकच गोळी नसते, छर्रे असतात. पक्ष्यांना बारीक, डुकराला मोठे, ज्यांना सगळे 'एलजी' म्हणतात. छर्रे पसरत जातात. डुकराला वीस-पंचवीस पावलांवर ते पुरतात; गव्याच्या कातड्याखाली शिरतात आणि तिथंच अडकतात. राहिली ३१५ ची रायफल, गोळी सोळा ग्रॅमच्या आसपास. तिच्यात दम आहे, पण एक गोळी झाडली की बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, मगच दुसरी. गव्यानं ताशी चाळीस किलोमीटरचा वेग धरला तर वीस मीटरचं अंतर दोन सेकंदांत संपतं. तेवढ्या वेळात खांद्यावरची रायफल हातात येत नाही, नेम तर पुढची गोष्ट. गव्यासाठी जुने शिकारी याहून कितीतरी जड रायफली वापरत. त्या घेऊनही जखमी गव्याच्या मागे झाडीत शिरायला त्यांच्यातले पक्के शिकारी कचरत.

बंदूक आणि रान यांचं नातं कोल्हापूरला नवं नाही. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलात तर पेंढा भरलेली जनावरं आणि काचेआडची हत्यारं पोरं आ वासून बघताना दिसतील. आजचं दाजीपूरचं जंगल हे छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. परक्यानं तिथं बार काढायचा नाही असा दंडक असल्यामुळंच गवा तिथं टिकला, ही उलटी गोष्ट खरी आहे. १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं. राज्यातलं पहिलं म्हणून त्याचं नाव घेतात. पुढं १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, आज ३५१ चौरस किलोमीटर. पण कोल्हापूरच्या शिकारीची जी ख्याती होती तिच्यात बंदुकीला जागाच नव्हती. चित्ता डोळ्यांवर टोपडं बांधून बैलगाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपडं काढायचं. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर दरबारनं आफ्रिकेतून चित्ते आणवले आणि हा खेळ चालू ठेवला. पाळलेले चित्ते आणि ते सांभाळणारी माणसं ही त्या काळच्या कोल्हापूरची खासियत. जे राजे वाटेल ती विलायती रायफल मागवू शकत होते, त्यांना बंदुकीवाचूनची शिकार जास्त मर्दानी वाटत होती.

रयतेचं काय? इथं इतिहास कडू होतो. १८५७ च्या पावसाळ्यात कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीनं उठाव केला. तो मोडल्यावर दक्षिण मराठा मुलखात हत्यारं गोळा करण्याचा सपाटा सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला. इंग्रजांनी फौज पाठवून गाव जाळलं. पुढच्या वर्षी नरगुंद उठलं, त्यामागेही हत्यारबंदीचा राग होता. मग १८७८ मध्ये लिटनसाहेबानं शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्याला नको. आज आपण ज्याला 'परवाना' म्हणतो त्याची मुळं या अविश्वासात आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यानं गोरा-काळा भेद काढला, अविश्वास मात्र बराचसा ठेवला. मला तो अविश्वास सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. गल्लोगल्ली पिस्तुलं असलेले देश टीव्हीवर दिसतातच.

त्या १९५९ च्या कायद्यातल्या एका कलमात शेतकऱ्यासाठीही तरतूद आहे. कलम १३. स्वतःच्या रक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची बिनआट्यांची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना नागरिकाला द्यावा असं ते सांगतं. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच पिकासाठी दुसरी बंदूक. म्हणजे आपल्या कायद्याच्या मते रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचं योग्य हत्यार कोणतं? एकोणिसाव्या शतकातलं.

राधानगरी तालुक्यात, अभयारण्याच्या कडेच्या एका वाडीत मी तसली बंदूक हातात घेऊन पाहिली. घरचे तात्या ती माळ्यावरून काढताना आधी पोत्यात गुंडाळलेला परवाना काढतात, मग बंदूक. हा क्रम त्यांनी आयुष्यभर पाळलेला दिसला. नळी चार फुटांच्या आसपास, दस्ता हाताच्या घामानं काळा पडलेला, घोड्याजवळ तांब्याची पट्टी ठोकून जुनी चीर बुजवलेली. भरण्याची रीत त्यांनी न भरता दाखवली. नळी उभी करायची. मोजून दारू ओतायची. वर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचा. मग छर्रे. वर पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी बुडाशी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. सवयीच्या हातालाही अर्धा मिनिट लागतं, अंधारात त्याहून जास्त. आणि हे सगळं एका बारासाठी. श्रावणात दारू सर्द झाली की टोपी फुटते आणि आतून नुसता 'फुस्स' असा आवाज येतो.

मी शहरी शहाणपणानं विचारलं, हिच्यानं डुक्कर मरतं का?

तात्या हसले. 'पावणं, ह्येनं डुक्कर मेलं आसतं तर आमी येवडी वर्सं राकण केली आसती व्हय? बार वाजला की पळत्यात. दुसऱ्या राती पुन्यांदा येत्यात.'

माझ्या सगळ्या विचारपुशीचं सार तात्यांच्या या उत्तरात होतं. घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यानं बंदूक बाळगली ती शिशासाठी नाही, आवाजासाठी. शेतातल्या माळ्यावर बसून रात्री दोनदा-तीनदा हवेत बार काढायचा. एका वाडीतला बार दुसऱ्या वाडीला ऐकू जातो. तिथला राखणदार जागा होतो, तोही हाळी देतो, कुत्री उठतात, आणि भाताकडे निघालेला कळप जागच्या जागी थबकतो. बंदूक हे त्या रात्रीच्या सामुदायिक गलक्यातलं सर्वांत मोठं वाद्य. गोफण, पत्र्याचा डबा, मशाल, हाळी आणि तिच्यावर बार.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर तिच्यात आवाजाखेरीज कायदेशीर असं फारसं काही उरलंच नाही. गवा, बिबट्या, हत्ती, अस्वल सगळे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षणाच्या वरच्या पायरीवर. रानडुकराबाबत राज्यानं परवानगीची वाट ठेवली आहे, पण अर्ज, पंचनामा, आदेश असं करत ती मिळेपर्यंत नाचणी पोटात गेलेली असते. शस्त्र कायदा शेतकऱ्याच्या हातात बंदूक देतो आणि वन्यजीव कायदा त्याला चाप ओढू देत नाही. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि मधे तात्या माळ्यावर बसले आहेत.

पण जिवावर बेतलं तर? फार्महाऊसवाल्यांचा युक्तिवाद इथंच येऊन थांबतो: स्वसंरक्षणाचा हक्क तर आहे ना! आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला तर तो गुन्हा नाही. मेलेलं जनावर मात्र सरकारची मालमत्ता. शिंग, नख, कातडं कशालाही हात लावायचा नाही. आता त्याच कलमाचं परंतुक वाचा. ज्या वेळी हा बचाव करायची वेळ आली, त्या वेळी तुम्ही याच कायद्याविरुद्ध काही करत असाल, तर हे संरक्षण मिळणार नाही. आणि कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायचं नाही. दोन्ही जोडून पाहिलं की डाव लक्षात येतो. रक्षणासाठी म्हणून तुम्ही खिशात रिव्हॉल्व्हर टाकून दाजीपूरच्या फाटकातून आत गेलात, आणि खरोखरच अस्वल अंगावर आलं, आणि खरोखरच तुम्ही गोळी झाडून जीव वाचवलात, तरी बचावाचं कलम तुमच्या हातून निसटलेलं असेल. कारण? हत्यार आत आणलं तेव्हाच कायदा मोडला होता. हातात नुसती काठी असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं जास्त सुरक्षित.

फाटकाबाहेरही मोकळं रान नाही. कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या आत आणि भोवतीच्या दहा किलोमीटरांत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकानं वन्यजीव खात्याकडे आपल्या हत्याराची नोंद करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. राधानगरी, वर चांदोली, दोन्हीकडून दहा-दहा किलोमीटरची पट्टी नकाशावर ओढून बघा. ज्या गावांत आपले लोक फार्महाऊससाठी जागा बघतात त्यातली बरीचशी तिच्यात सापडतील. जमीन दाखवणारा एजंट हे सांगत नाही.

बरं, नुसता आवाजच हवा तर बंदूकच कशाला, हा विचार शेतकऱ्यानं आपल्याआधी केला आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले आणि चंदगड, आजरा आणि खालचं दोडामार्ग यांची एका नव्याच जनावराशी गाठ पडली. पुढं एकटा फिरणारा टस्कर आजरा-चंदगडकरांच्या बोलण्यात घरच्या माणसासारखा आला: काल टस्कर इकडं होता, आज तिकडं आहे. हत्तीवर बारा बोअर चालवण्याचा विचारही कुणी करत नाही. तिथं सुतळी बॉम्ब, मशाली, ट्रॅक्टरचे दिवे आणि गावच्या गाव रस्त्यावर. फटाक्यांचा खर्च शेतीच्या हिशेबात खताच्या खाली लिहिणारी गावं मी दुसरीकडं पाहिली नाहीत. हत्ती शहाणा असतो. बॉम्ब वाजतो पण लागत नाही हे त्याला काही दिवसांत कळतं. मग आणखी मोठा आवाज.

या मोठ्या आवाजाच्या हव्यासातून आली कार्बाइडची बंदूक. पीव्हीसी पाइप, गॅस पेटवायचा लायटर, कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि चमचाभर पाणी. पाण्यानं ॲसिटिलीन तयार होतो, ठिणगी पडली की धडाका. माकडं, डुकरं हाकलायला शेतकरी ती वापरू लागला, परवाना लागत नाही म्हणून खूश झाला. २०२५ च्या दिवाळीत हीच वस्तू मध्य प्रदेशात खेळणं म्हणून रस्त्यावर विकली गेली. बार का उडाला नाही म्हणून मुलांनी पाइपात डोकावून बघितलं, आणि भोपाळच्या रुग्णालयांत डोळे भाजलेल्या मुलांची रांग लागली. ज्यांच्या घरी राखणीसाठी असा पाइप आहे त्यांनी तो पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. दिवाळीत फराळाबरोबर एवढं तरी बघाच.

आवाजाशिवाय दुसरं काय? या बाबतीत अमेरिकेच्या अलास्कात बराच हिशेब मांडला गेला आहे. तिथं बंदूक बाळगायला कुणाची आडकाठी नाही आणि अस्वलंही घोड्याएवढी. टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याच्या घटना तपासल्या. १९८५ ते २००६ या काळातल्या त्या घटनांत तपकिरी अस्वल ९२ टक्के वेळा फवाऱ्यानं थांबलं होतं. मग २०१२ मध्ये त्यांनी बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या. निष्कर्ष बंदूकवाल्यांना आवडला नाही: ज्यांनी जवळची बंदूक चालवली आणि ज्यांनी चालवली नाही, त्यांच्या जखमी होण्यात म्हणावा असा फरक नव्हता. घाई, झाडी, थरथरणारा हात. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्डला तर वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलाला घाबरवण्याचं साधन जवळ बाळगणं कायद्यानंच सक्तीचं आहे. बंदूक बाळगण्याचा सल्ला तिथलं सरकार देतं, पण आधी अंतर राखायचं, मग घाबरवायचं, आणि अगदी शेवटी बंदूक.

मिरचीच्या बाबतीत कोल्हापूरला अलास्कानं शिकवावं अशी वेळ यायला नको होती. हत्तीच्या वाटेवर शेणीबरोबर मिरच्या जाळून धूर करण्याचा उपाय आसामात, आफ्रिकेत चालतो. आपल्याकडं मिरची तांबड्या रश्श्यापुरती राहिली.

केरळनं २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकराला मारण्याचे अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखापर्यंत खाली आणले, आणि गोळी झाडणारा मात्र परवानाधारक नेमबाज असेल, वाटेल तो नाही, अशी अट घातली. मला ही रीत विचार करण्यासारखी वाटते. कारण सरळ वाट बंद ठेवली की आडवाटा निघतातच. कणकेत गुंडाळलेले गावठी बॉम्ब, फासकी, कुंपणात सोडलेली चोरटी वीज हे सगळं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना चालतं आणि त्यात डुकराबरोबर गाय मरते, बिबट्या मरतो, पहाटे परसाकडं गेलेला माणूस मरतो. रात्री सावज समजून सोबत्यावरच बार निघाल्याच्या बातम्या येतात त्या याच चोरट्या शिकारीतल्या. रानात बंदुकीनं मेलेल्या माणसांत जनावरापुढं उभा राहिलेला क्वचित. सोबत्याच्या नळीपुढं आलेलाच जास्त, असं या बातम्या वाचून माझं मत झालं आहे.

आणखी एक बंदूक आहे, जी सगळ्यांना सोपी वाटते. गावात गवा शिरला की गर्दीतून पहिली मागणी तिचीच: 'बेशुद्ध करा की!' गुंगीची सुई मारणारी बंदूक. लोकांना वाटतं सुई लागली की जनावर सिनेमातल्यासारखं आडवं होणार. प्रत्यक्षात औषध चढायला कित्येक मिनिटं लागतात, मात्रा जनावराच्या वजनावर आणि मनःस्थितीवर ठरते, आणि भेदरून तासभर पळालेल्या गव्याचं शरीर आधीच पेटलेलं असतं. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्याचं काय झालं ते आठवा. मागे लागलेली गर्दी, दोऱ्या, सुया, आणि शेवटी मेलेला गवा. कोल्हापूरच्या आसपास गवे येतात तेव्हा वनखातं सुई मारायची घाई करत नाही, नदीकाठची वाट मोकळी ठेवून रात्रीची वाट बघतं. लोक चिडतात. 'हेनला काय जमत न्हाई' म्हणतात. माझ्या मते तोच शहाणपणा आहे. गव्याला गर्दी नको असते, परत जायची वाट हवी असते.

अंगावर यायच्या आधी गवा सूचनाही देतो. तो आडवा उभा राहतो, अख्खी बाजू दाखवतो, मान खाली घालतो, फुस्कारतो. ही आडवी उभी राहण्याची खूण ओळखणारा गुराखी हळूच मागं सरकतो, झाडाचा नाहीतर बांधाचा आडोसा धरतो. मोबाइल काढून पुढं सरकणारा ती खूण कॅमेऱ्यात टिपतो. बिबट्याचं वेगळं. तो वाकलेल्या माणसावर, लहान मुलावर येतो. उभ्या, बोलणाऱ्या घोळक्यावर सहसा नाही. म्हणून उसाच्या फडाकडं जाताना मोठ्यानं बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा, हा वनखात्याचा सल्ला हास्यास्पद वाटला तरी खरा आहे. इथं पुन्हा आवाजच.

आणि ज्याच्यावर आवाज चालत नाही, बंदूक तर नाहीच, तो शत्रू या सगळ्या चर्चेत कुणाच्या तोंडी नसतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून बारा लाख माणसं मेली असा मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बिबट्या, हत्ती, गवा, अस्वल, वाघ सगळे मिळून या आकड्याच्या पासंगाला पुरत नाहीत. घोणस पाचोळ्यात पडलेली असते, मण्यार रात्री अंथरुणात येते. तिच्यासाठीचं हत्यार म्हणजे गुडघ्यापर्यंतचे गमबूट, चांगली बॅटरी, आणि जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे हे आधी माहीत असणं. आंब्याला बंगला बांधणाऱ्या कितीजणांना हे तिसरं माहीत आहे, ते एकदा विचारून बघा.

बंदुकीची हौसच असेल तर कोल्हापुरात ती भागवायला याहून सन्मानाची जागा आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींत ४५१.४ गुण घेऊन ऑलिंपिकचं कांस्य आणलं. स्वप्नील कांबळवाडीचा, म्हणजे गव्यांच्याच राधानगरी तालुक्यातला. त्याच्या पॉइंट २२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर. ती पन्नास मीटरवरच्या, एक सेंटिमीटरभर रुंदीच्या दहाच्या वर्तुळात जाते, तेही हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढून. त्या मुलानं कैक वर्षं रोज तास न् तास उभं राहून, बसून, आडवं होऊन जे कमावलं, ते आपण परवाना खिशात पडल्याबरोबर अंधारात, धापा टाकत, अंगावर येणाऱ्या गव्यासमोर करू असं जेव्हा कुणी गृहीत धरतं, तेव्हा मला त्या माणसाच्या धाडसाचं नाही, हिशेबाचं आश्चर्य वाटतं.

तात्यांच्या बंदुकीचं पुढं काय होणार, हा घरात चर्चेचा विषय आहे. नियमाप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तात्या दोन्हीत बसतात. पण थोरला गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळ्या करतो. बंदूक नावावर घ्यायची म्हणजे प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस चौकशी, अभयारण्याच्या पट्ट्यातलं गाव म्हणून वनखात्याची संमती, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शिवाय निवडणूक लागली की छाननी समिती सांगेल त्यांनी बंदूक ठाण्यात जमा करायची. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे नेमका भात कापणीचा, डुकरांच्या हातघाईचा महिना. 'राकणीच्या टायमाला बंदूक चौकीत आन् मी माळ्यावर,' असं तात्या म्हणतात तेव्हा थोरला आणखी मागं सरकतो.

विकायची म्हटली तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि त्या भागात नवा परवाना मिळणं किती अवघड ते वर आलंच. बंदूकविक्रेत्याकडे नाहीतर पोलीस ठाण्यात जमा करणं, हाच मार्ग उरतो. थोरल्यानं त्याऐवजी अनुदानातल्या सौर कुंपणाचा अर्ज भरला आहे. तारेला हात लागला तर झटका बसतो पण माणूस मरत नाही, असं तो तात्यांना पुन्हा पुन्हा समजावतो. तात्यांची शंका वेगळीच आहे. पावसाळ्यात चार दिवस ऊन नाही पडलं तर बॅटरी चार्ज कशी होणार? पॅनेलवाल्यालाही त्यांनी तेच विचारलं. त्यानं माहितीपत्रक दिलं आहे, ते बंदुकीच्या परवान्याबरोबर त्याच पोत्यात ठेवलेलं मी पाहिलं.